द्राक्षाचं बी

टक्.

सकाळच्या शांत स्वयंपाकघरात तो आवाज जेमतेम ऐकू यायचा. तरी रोज त्या आवाजाला भिंगरीची आई, घरची धाकटी सून, डोळे मिटून घ्यायची. बोट टोचायच्या पेनाचा आवाज तो. सात वर्षांच्या भिंगरीने बोट दाबून रक्ताचा थेंब पट्टीला लावला आणि ती साखर मोजायच्या यंत्राकडे बघत बसली.

"हात धुतले होतेस ना?"

"आई, तू रोज हेच विचारतेस! धुतले, पुसले, मगच बसले."

आकडा ठीक आला. धाकटीने फ्रिजच्या दारातून, अंड्यांच्या शेजारून इन्सुलिनची बाटली काढली. भिंगरीच्या शरीराला इन्सुलिन बनवता येत नव्हतं. ते कुठून येतं हे डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. इन्सुलिन कसं करायचं याची कृती माणसाच्या जनुकात असते. शास्त्रज्ञांनी ती कृती साध्याशा जंतूंच्या आत नेऊन बसवली. आता मोठाल्या टाक्यांमध्ये ते जंतू दिवसरात्र तेच करत बसतात. मग माणसं ते इन्सुलिन गाळतात, शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात.

"म्हणजे ते माझा डबा करतात," भिंगरी म्हणाली होती. "माझा आणि दादाचा."

दादा म्हणजे थोरल्या जावेचा मुलगा. त्यालाही हाच आजार होता. थंडी सुरू व्हायच्या सुमारास तो गेला.

इंजेक्शन देऊन होतंय तोवर थोरली दारात उभी. केस विंचरलेले होते, पण भांग वाकडा.

"धाकटे, आज बीजगुरूंचं शिबिर आहे. भिंगरीचं नाव देऊन ठेवलंय मी."

"ताई, तिला बरं आहे आता..."

"त्यालाही बरंच होतं गं." थोरली चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसली. "माझाच उशीर झाला. गुरू म्हणाले, त्या जंतूंच्या औषधाचं विष आधीच भिनलं होतं त्याच्या अंगात. वर्षभर आधी आणलं असतंस तर, म्हणाले. तू तरी उशीर करू नकोस. माझ्यासाठी चल."

धाकटीला नाही म्हणता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. ते कारण डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं: पोराचं इन्सुलिन बंद केलं, म्हणून पोर गेलं. हे वाक्य थोरलीसमोर कुठल्या तोंडाने उच्चारायचं? तिने पर्समध्ये यंत्र टाकलं, भिंगरीच्या पायात बूट चढवले आणि निघाली.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बीजगुरू. पांढराशुभ्र कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो कधी कुणाच्या छातीला लागलेला कुणी पाहिला नव्हता.

"जनुक म्हणजे काय?" गुरू गरजले. "जनुक म्हणजे बीज! बीज दूषित, तर झाड दूषित! मोठमोठे शास्त्रज्ञ कोट्यवधी ओतून जनुकांवर कात्री चालवतात. मी? मी नुसत्या पाण्याने चालवतो!" टाळ्या. "आणि तुम्ही लेकरांना काय टोचता? जंतूंच्या पोटातली घाण!"

"आई, हे आपल्या जंतूंना शिव्या का देतायत?" भिंगरीने विचारलं.

"गप्प बस हं, सोन्या."

मग प्रयोग सुरू झाले. आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलेलं असायचं, सकाळचं शेवटचं इंजेक्शन, शेवटची गोळी घेऊनच या. इथे प्रत्येकाच्या हातावर एक बियांचं द्राक्ष ठेवलं जाई. ते आपल्या हाताने सोलायचं, बी काढायचं आणि बोटांच्या टोकांनी चोळत राहायचं. तुमचा दोष त्या बीत उतरतो, म्हणे. मग बोट टोचून साखर मोजायची. मग काचेच्या मोठ्या भांड्यातल्या कोमट 'बीजजलात' दोन्ही हात बुडवून मंत्र म्हणायचा, आणि पुन्हा मोजायची.

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका खुर्चीत बसले. आकडा तीनशेच्या पुढे गेला. पाण्यात हात, मंत्र, स्वच्छ टॉवेल. आता दीडशेच्याही खाली! काकांना रडू फुटलं. सभागृह उठून उभं राहिलं. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, धाकटीलाही वाटलं, खरं असेल का हे? उद्यापासून ते टक् ऐकावं लागणार नाही का?

"भिंगरी!" पुकारा झाला.

थोरलीनेच तिला खुर्चीवर बसवलं. भिंगरीने द्राक्ष सोललं, बी चोळलं, नाक मुरडलं. यंत्राने आकडा दाखवला. चारशेच्या वर.

"अरे देवा!" सभागृह कळवळलं.

"बघा!" गुरूंचा आवाज चढला. "जंतूंचं औषध घेणारं लेकरू बघा!"

"चुकलंय ते," भिंगरी म्हणाली.

"काय चुकलं, बाळ?"

"माझी साखर एवढी वाढली की मला खूप तहान लागते, पोट दुखतं. आत्ता काहीच होत नाहीये. आणि मी हात कुठे धुतले? चिकट आहेत. आमच्याकडे आधी हात धुतात."

लोक हसले. गुरूही हसले. "फार हुशार आहे हो! चल, हात बुडव पाण्यात."

धाकटी हसली नाही. तिच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. पहिल्या रांगेत थोरली हात जोडून बसली होती. आता बोलायचं म्हणजे तिच्या काळजावर घाव घालायचा. पण रांगेत भिंगरीच्या मागे एक तरुण बाप उभा होता, कडेवर पोर घेऊन. त्या पोराच्या मुठीत द्राक्ष होतं.

धाकटी वर चढली. तिने टोपलीतलं द्राक्ष उचललं, सोललं, बी बोटांनी चोळलं. पर्समधलं यंत्र काढलं. टक्.

"मला हा आजार नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता. बघा आकडा."

काकांनी पुढे वाकून वाचला. "तीनशे साठ!"

पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून तिने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा टोचलं.

"सत्त्याण्णव," काका पुटपुटले.

"रक्तात काहीच बदललं नाही. द्राक्षाचा रस बोटाला लागला होता, यंत्राने तोच मोजला. हे पाणी फक्त हात धुतं."

"श्रद्धा नसलेल्या माणसाच्या स्पर्शाने..." गुरूंनी सुरुवात केली. पण कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. थोरली वर आली होती.

"आणि नंतरचा आकडा?" तिने अगदी हळू विचारलं. "तो तर खरा होता ना? तो का बरा होता?"

"सकाळचं इंजेक्शन घेऊन बोलावतात ना, ताई," धाकटी म्हणाली. "त्याने."

थोरली स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. "त्याला किळस यायची चिकट हातांची. मीच त्याचं बोट धरून चोळलं होतं बी."

धाकटीने तिला धरायला हात पुढे केला. थोरलीने तो बाजूला केला आणि माइक घेतला.

"माझा मुलगा याच खुर्चीत बरा झाला होता," ती म्हणाली. "तुम्ही अशाच टाळ्या वाजवल्या होत्या. घरी जाऊन मी त्याचं इंजेक्शन बंद केलं. तो सारखं पाणी मागत होता. मग धाप लागली. मग काहीच मागेना." तिने समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. "कुणी चमत्कार दाखवला तर आधी हात धुवा आणि स्वतः मोजा. नसेल जमत, तर डॉक्टरांना विचारा. तेही नाही जमलं, तर माझ्या घरी या. मी सांगेन औषध थांबवल्यावर काय होतं ते."

गुरू मागच्या दाराने कधी गेले ते कळलंही नाही. तरुण बापाने पोराच्या मुठीतून द्राक्ष काढून घेतलं. दोघं-तिघं मात्र जाता जाता बीजजलाच्या बाटल्या पिशवीत टाकून गेलेच.

संध्याकाळी थोरली आली. हातात डबा, त्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवलेल्या इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या.

"त्याच्या आहेत. टाकवत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंना विचारून आले, दोघांचं एकच औषध होतं, तारीखही आहे अजून." तिचा आवाज कोरडा होता. "तिला होऊ देत."

धाकटीने तिला जवळ घेतलं. आता थोरलीने हात बाजूला केला नाही.

भिंगरीने एकेक बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी लावली. शेवटची हातात धरून ती उजेडाकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "दादा आता नाही, हे त्या जंतूंना कुणी सांगितलंय का? की ते अजून त्याचा डबा करतायत?"