सिंचनाचं दुसरं तोंड

मी एक जुना जबडा आहे. हाडाचा नाही, पांढऱ्या प्लास्टरचा. दावणगेरेच्या एका दंत रुग्णालयात, काचेच्या कपाटात, माझ्यासारखे शंभरएक जबडे दात विचकून बसलेले असतात. मित्रांनो, संध्याकाळी झाडूवाली बाईसुद्धा आमच्याकडे पाठ करत नाही.

सिंचना तेरा वर्षांची असताना तिच्या दातांचा ठसा घेऊन मला ओतलं. त्याच ठशातून माझा जुळा भाऊही निघाला. तिचा खालचा जबडा पुढे येत चालला होता आणि शाळेत पोरी तिला 'मगर' म्हणत. डॉक्टर मरुळसिद्दप्पांनी बजावलं होतं, वाढ थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. नाहीतर जबडा पुन्हा पुढे येईल आणि पोरीला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल. म्हणून दरवर्षी नवा ठसा घ्यायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा.

आमच्या बुडाशी तारीख असते, पण पेन्सिलीची. साफसफाईत कुणीतरी ती ओल्या फडक्यानं पुसली. पुढच्या वर्षी नवा जबडा दुसऱ्याच फळीवर राहिला आणि डॉक्टरांच्या हाती आलो आम्ही दोघं जुळे. मला त्यांनी यंदाचा समजलं, भावाला गेल्या वर्षीचा.

"केसाचाही फरक नाही. वाढ थांबली," ते म्हणाले. सिंचनाच्या आईला, गंगम्मांना, आनंदानं रडूच आलं. तिथंच ऑपरेशनचा दिवस ठरला.

इथं आधी प्लास्टर कापून बघतात, मग माणूस. कुठं कापणार ते मायलेकींना दाखवायला डॉक्टरांनी बारीक करवत माझ्या दाढेमागे टेकवली. मला दुखत नाही. पण तिचं काय होणार हे कळत होतं, आणि मी नुसता आ वासून होतो.

सिंचनानं मला हातात घेतलं. दातांवरून बोट फिरवलं आणि थबकली.

"सर, हे तोंड माझं नाही."

"गप गं पुट्टी, माझी छकुली," गंगम्मा म्हणाल्या. "तुझं नाही तर काय भुताचं?"

तिनं ओठ वर केला. यंदाच्या संक्रांतीला ऊस सोलताना तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. माझा दात अख्खा होता.

डॉक्टरांनी करवत ठेवली. एकेक फळी धुंडाळली. खरा जबडा सापडला, तेव्हा तो माझ्याहून शिताएवढा पुढे आलेला होता.

चार वर्षांनी ऑपरेशन नीट झालं. परवा ती कपाटासमोर उभी राहिली, नव्या चेहऱ्यानं आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली, आणि मला न ओळखता निघून गेली. वाईट वाटलं, बरंही वाटलं.

मित्रांनो, वाढत्या लेकराला कालच्या मापानं कापू नका. ते काही म्हणालं, तर करवत खाली ठेवून ऐका.