मावशीची सही

मावशी गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा नवरा उगवला. सत्तावीस वर्षं ज्याचा ठावठिकाणा नव्हता तो माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून, मामाला सोबत घेऊन भाचीच्या दुकानात येऊन उभा राहिला. भाची तेव्हा एका जळक्या पंपातून जुनी तार ओढून काढत होती. गल्लीत तिला सगळे वायंडरीण म्हणत, कारण मोटारींना नवीन तार भरून देणारी दुसरी बाई त्या भागात नव्हती. तिनं हातातली पक्कड खाली ठेवली नाही.

"ओळखलंस का?" मामानं विचारलं. "तुझे काका."

"फोटोत पाहिलंय," ती म्हणाली. "फोटोत केस होते."

मामा कसनुसा हसला. सगळ्यांचं सगळं गोडीगुलाबीनं व्हावं असं मामाला फार वाटे, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी गप्प बसावं लागे. त्यानं खाली बघत विषय काढला. मावशी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथल्या ऑफिसात दोघं जाऊन आले होते. मावशीनं नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नवऱ्याचं नाव होतं. निवृत्तीनंतरही तिनं न काढलेला फंड, बँकेतलं खातं, सगळीकडे तेच. राहता राहिली मावशीची खोली.

"तू खोलीची किल्ली दे, आणि एका कागदावर हरकत नाही म्हणून सही कर. बास. काका काही तुला रिकाम्या हातानं पाठवणार नाहीत."

"कपाट घेऊन जा," काका मोठ्या मनानं म्हणाले. "शिलाई मशीनही घे. तिनं तुझं लहानपणी पुष्कळ केलं, मला माहीत आहे."

"तुम्हाला कुठून माहीत? मी सात वर्षांची असताना आई गेली आणि मावशीकडे आले. तेव्हा तुम्ही जाऊन वर्ष झालं होतं."

मग तिनं सांगून टाकलं, की मावशीनं तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलंय. खोली आणि पैसाअडका सगळा भाचीला, आणि ते सगळं पार पाडायचं कामही भाचीकडेच.

काकांना खरोखरच हसू आलं. "मृत्युपत्र? तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पक्की अंगठाबहाद्दर होती. मृत्युपत्रावर काय आहे, अंगठा?"

"सही आहे."

"मग ती कोणी केली, ते तू कोर्टात सांग," काका म्हणाले, आणि या वेळी ते हसत नव्हते.

वकीलबाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. त्यांनी मृत्युपत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. तो मालक असतोच असं नाही. मालक कोण, ते हा कागद सांगतो. पण हा कागद खरा आहे, असा शिक्का कोर्टाचा लागतो. त्याला प्रोबेट म्हणतात. आपण अर्ज करू, पेपरात नोटीस येईल, आणि तुझे काका हरकत घेतील."

"घेऊ देत."

"आणि एक. फॅमिली पेन्शन मृत्युपत्रात येत नाही. घटस्फोट झाला होता का?"

"नाही. मावशी म्हणायची, त्याला शोधायला जाण्यात माझी सुट्टी का घालवू?"

"मग पेन्शन त्यांना मिळेल. तेवढं तुला गिळावं लागणार."

इतकी वर्षं भल्या पहाटे उठून हॉस्पिटलची पातेली मावशीनं उचलली होती. पाठीचा कणा वाकला तिचा, आणि महिन्याच्या महिन्याला आरामात पैसे येणार ते याला. पण वायंडरणीनं मान डोलावली. "जे कायद्यानं त्यांचं आहे ते त्यांना. बाकी एक चमचासुद्धा देणार नाही."

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार होते. एक वॉर्डातली नर्स, ती गेल्या साली वारली होती. दुसरा हॉस्पिटलचा लिफ्टवाला, आता निवृत्त. वायंडरीण त्याच्या घरी पोचली तेव्हा तो दारातच म्हणाला, "तुझे मामा येऊन गेले. म्हणाले, म्हातारपणी कशाला कोर्टकचेऱ्या. मलाही पटलं."

"तुमच्यासमोर मावशीनं सही केली की नाही?"

"केली की."

"तेवढंच सांगायचंय. खोटं सांगा म्हणत नाहीये मी. गप्प राहायला सांगणारे सांगून गेलेत, म्हणून खरं बोला म्हणायला आलेय."

म्हाताऱ्यानं दार पूर्ण उघडून तिला आत घेतलं. मग म्हणाला, "एकट्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तू हजेरीपट काढ. ती रोज सही करायची. मी तिच्या मागे रांगेत असायचो. साहेबाशी भांडली होती त्या सहीवरून."

ते भांडण वायंडरणीला ठाऊक नव्हतं, पण सही कुठून आली ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलात पेशंटच्या जेवणाच्या चिठ्ठ्या आधी रंगीत असत. पिवळी म्हणजे बिनमिठाचं, गुलाबी म्हणजे बिनसाखरेचं. मावशीचं रंगांवर मजेत चाललं होतं. मग चिठ्ठ्या छापायचं मशीन आलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या झाल्या. पहिल्याच दिवशी मावशी घरी आली ती पांढरीफटक पडलेली. बारा नंबरच्या ट्रेमध्ये मीठ गेलं असतं, शेजारी काम करणाऱ्या बाईनं पाहिलं म्हणून वाचलं. "मला वाचायला शिकव," ती म्हणाली. तेव्हा मावशी बावन्न वर्षांची होती आणि भाची अठराची. चार महिने लागले. भाची चिडायची, मावशी चिडायची, एकदा पाटीच फुटली. आधी 'मीठ' आलं, मग 'साखर', मग पेशंटांची नावं. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधला कारकून म्हणाला, जुने हजेरीपट देता येत नाहीत. तिनं वकीलबाईंचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, साहेब रजेवर आहेत. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी ती तारेचं रीळ आणि पंख्याच्या मोटारी पिशवीत घालून आली, रेकॉर्ड रूमसमोरच्या बाकावर बसली आणि तिथेच काम सुरू केलं. ये-जा करणारे थांबून विचारू लागले. ती प्रत्येकाला सांगे, "मावशीचा हजेरीपट हवाय. मिळाला की जाईन."

पाचव्या दिवशी कारकून स्वतःच बाहेर आला. "बाई, तुमच्यापायी सगळा मजला मला विचारतोय. कोर्टाकडून मागणीपत्र आणा, मी स्वतः घेऊन येतो. गठ्ठा शोधून ठेवलाय." मग जरा घुटमळून म्हणाला, "मी पाहिला तो. तुम्हीही बघून घ्या."

कोर्टात काका ऐटीत उभे राहिले. बायको निरक्षर होती, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. वकीलबाईंनी आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

काकांनी साल सांगितलं.

"त्यानंतर त्या काय शिकल्या, काय विसरल्या, आजारी पडल्या का, कुठल्या चाळीत राहिल्या, यातलं तुम्हाला काय माहीत आहे?"

काका मामाकडे बघू लागले. मामा छताकडे.

मग लिफ्टवाल्यानं साक्ष दिली, चार वाक्यांत, आणि कारकुनानं हजेरीपट उघडला. पानामागून पान जांभळे अंगठे होते, एकाखाली एक, वर्षानुवर्षं. मग एका सोमवारी अंगठा नव्हता. त्या चौकोनात न मावणारी, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेली सही होती. मंगळवारी परत सही. बुधवारी परत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत अंगठा कुठेही नव्हता.

न्यायाधीशांनी वही जवळ ओढून मृत्युपत्राशेजारी ठेवली; सही तीच होती, शेवटचं अक्षर तसंच ओळीखाली घसरलेलं. "इथे छापलेलं आडनाव वेगळं आहे आणि सहीतलं वेगळं."

"होय साहेब," कारकून म्हणाला. "छापलेलं सासरचं आहे. सही माहेरच्या आडनावानं. तेव्हाच्या साहेबांनी हरकत घेतली होती. मी तिथेच होतो. बाई म्हणाल्या, रजिस्टर तुमचं, सही माझी. दोन दिवस त्यांची हजेरी धरली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच ऐकलं."

मावशीनं ही गोष्ट घरी कधी सांगितली नव्हती. दोन दिवसांचा पगार कापला गेला असणार, आणि ती मुकाट्यानं घरी येऊन भाचीच्या डब्याची तयारी करत राहिली असणार. वायंडरणीला कोर्टात रडायचं नव्हतं, म्हणून तिनं काकांकडे टक लावून पाहिलं. रडू लगेच ओसरलं.

निकालाला आणखी पाच महिने लागले. प्रोबेट मिळालं. बँकेनं खळखळ केली, मग दिलं. फंडाच्या ऑफिसनं त्याहून जास्त खळखळ केली आणि सहा-सात महिने लावले. पेन्शन मात्र वकीलबाई म्हणाल्या होत्या तशी काकांना सुरू झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मामानं तिला गाठलं. काका रिक्षात जाऊन बसले होते.

"जिंकलीस," मामा म्हणाला. "पण पैशासाठी घरची माणसं कोर्टात खेचलीस. लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

"केला. पैशासाठी कोर्टात गेली म्हणतील. बरोबरच आहे, पैशासाठीच गेले."

तिनं इन्कार करावा आणि मग आपण समजूत घालावी, असं मामानं योजलं असावं.

"मावशीनं कमावलं आणि मला दिलं, म्हणून मला ते हवंय," ती म्हणाली. "नको असल्यासारखं तोंड करून मी कोणासमोर उभी राहणार नाही. आणि मामा, खेचलं मी नाही. तुम्ही त्यांना माझ्या दुकानात घेऊन आलात."

"तू बोलायला फार फटकळ झालीस."

"आधीपासूनच आहे. तुम्ही आज ऐकलंत."

ती पायऱ्या उतरून गेली. त्या दुपारी मावशीच्या खोलीचं कुलूप उघडून तिनं खिडक्या सताड उघडल्या, गादी उन्हात टाकली आणि कपाट भिंतीपासून ओढून मागचा कचरा काढला. पुढच्या महिन्यात भाड्याचं दुकान सोडून तिनं तळमजल्यावरच्या त्या खोलीतच काम थाटलं. मावशीच्या पैशातून तार गुंडाळायचं मशीन आलं, भरलेल्या मोटारींचं वार्निश सुकवायला ओव्हन आला, आणि दाराबाहेर पाटी लागली. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, मालकाचं नाव काय घालू. "मालकीण," तिनं आधी त्याचा शब्द सुधारला, आणि मग स्वतःचं नाव सांगितलं.

दिवाणखान्यातला पंखा जळाला म्हणून वर्षभरानं मामा आला. पंखा पिशवीत होता आणि मामा अवघडलेला. तिनं त्याला स्टूल दिलं, चहा दिला, चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी पंखा तयार होता. मामानं घरच्या माणसाचं म्हणून किती, असं विचारलं. तिनं सगळ्यांना सांगते तोच भाव सांगितला, आणि मामानं निमूटपणे पाकीट काढलं.