भेगेवरची पट्टी

चर्चच्या भिंतीवरची ती जिप्समची पट्टी दोन सेंटीमीटर रुंद आणि वीतभर लांब होती, जुन्या भेगेवर आडवी बसवलेली. तिच्यावर पेन्सिलीनं तारीख होती: ११ जून १९८५. भेग केसभर जरी वाढली असती, तरी पट्टी तडकली असती. ती अखंड होती.

वेतुरिया तिच्यापासून चार पावलं मागे उभी राहिली, दर शनिवारसारखी. तिची मुलगी डोरीना लोकांना पायी फिरवून बुखारेस्टमधला कम्युनिस्ट काळ दाखवायची. आई नुसती पाय मोकळे करायला येते, असं ती सांगे.

"हुकूम आला आणि इथली वस्ती पाडली," डोरीना म्हणाली. "चर्च मात्र रुळांवर चढवून दोनशे मीटर मागे सरकवलं. घंटेसकट."

"सरकवणारे आणि पाडणारे एकाच ऑफिसातले ना?" घोळक्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले. "माझ्या मावशीचं घर त्यांनीच पाडलं."

वेतुरियानं मान खाली घातली. तिचा आणि पाडणाऱ्यांचा पगार एकाच खिडकीवर मिळायचा, हे खरंच होतं. म्हणून तर "इथलं तूच सांग" असं डोरीनानं कितीही विनवलं तरी ती म्हणायची, "बघू, पुढच्या वेळी."

तेवढ्यात पाद्री खरवडायचा छोटा पत्रा घेऊन आले. "डोरीना, आवर गं बाई. सोमवारी रंगारी येतायत. हे ठिगळ खरवडून टाकतो."

"थांबा, फादर." वेतुरिया पुढे झाली. "ते ठिगळ नाही. मी लावलंय ते."

सगळे वळले.

"सतरा दिवस चर्च सरकत होतं. अशा एकेचाळीस पट्ट्या मी दर अर्ध्या तासाला तपासायचे. एकही तडकली नाही." मग ती त्या गृहस्थांकडे वळली. "तुमच्या मावशीचं घर नाही वाचवता आलं मला. हे वाचवलं."

गृहस्थांनी चष्मा चढवला आणि पट्टीपाशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"मावशीचं लग्न इथंच लागलं होतं," ते म्हणाले. "माझ्या बाथरूमच्या गवंड्याला जरा शिकवा हो, बाई."

पाद्र्यांनी पत्रा झग्याच्या खिशात टाकला. "रंग हिला वळसा घालेल."

"आई," डोरीना हळूच म्हणाली, "आता तरी?"

वेतुरियानं पाठ ताठ केली.

"पुढच्या शनिवारपासून या भिंतीपाशी तू गप्प राहायचंस. इथलं मी सांगणार."