मुठीच्या पिठाची मशीद

"द्रौपदामावशी, तुम्ही या ना आत. अम्मी, तू मात्र घरी जा," शकील म्हणाला, आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

शकील म्हणजे हसीनाबीचा थोरला. कूलर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. एरवी गरीब गाय. पण त्या दिवशी छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मशिदीच्या दारात उभा होता, आणि बिल्ला लागला की माणसाचं काय होतं ते आपण बघतोच. धुळ्यातल्या आमच्या मोठ्या मशिदीत 'मशीद परिचय' होता. म्हणजे एक दिवस सगळ्या जातीधर्माच्या लोकांना आत बोलवायचं, मशीद दाखवायची, तिचा इतिहास सांगायचा, वर चहा-खजूर द्यायचे. बायकांनाही आमंत्रण होतं. बुद्धविहाराच्या गल्लीतून आम्ही बऱ्याच जणी नव्या साड्या नेसून आलो होतो. माझी सून शिल्पा तर ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली होती.

हसीनाबी माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन आलो या भागात. तिच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून मशिदीचा मिनार दिसतो. परकर, गाद्यांचे अभ्रे, कापडी पिशव्या शिवता शिवता तिनं आयुष्यभर तो मिनार पाहिला. पण मशिदीचा उंबरा काही ओलांडला नाही. आमच्या भागात त्यांच्या बायका नमाज घरीच पढतात. त्या दिवशी सकाळी मात्र तिनं भिंतीवरून हाक मारली होती.

"द्रौपदा, आज बायासले मझार लई जाई राह्यनात. मी बी येस."

बायकांना मशिदीच्या आत नेणार म्हणून ठेवणीतला दुपट्टा घेतला होता तिनं, अत्तर लावलं होतं. एवढी हरखलेली मी तिला शकीलच्या लग्नातही पाहिली नव्हती.

आणि आता हा दिवटा तिलाच म्हणत होता, घरी जा!

"का रे बाबा? आम्ही आत आणि तुझी आई बाहेर? नवरीला दारात उभी करून वऱ्हाड जेवायला बसवतोस होय?"

"मावशी, आज बाहेरच्या पाहुण्यांचा दिवस आहे. कमिटीनं ठरवलंय."

तेवढ्यात कमिटीचे हाजी हसीबसेठ आले. कापडाचे व्यापारी, बोलायला एकदम मऊ. "द्रौपदाबाई, गैरसमज नको. घरच्या बायकांना आत घ्यायचा रिवाज नाही आपल्याकडे. एकीला घेतलं की सगळा मोहल्ला येईल."

"येऊ द्या की! मशीद काय सुपाएवढी आहे?"

हसीनाबीनं माझा पदर ओढला. "चाल व, तमाशा नको करू. मी जास घर."

तिचा आवाज चिरकला होता. मी वळून पाहिलं तर डोळे काठोकाठ भरलेले. मग मात्र माझं मलाच आवरेना. माझा आवाज पांझरा नदीच्या पलीकडे जातो असं आमचे हे म्हणायचे. तो मी लावला.

"सेठ, ही मशीद हिनं उभी केलीये!"

दोघंतिघं हसले. हसा म्हटलं. हसून झालं की ऐका.

पहिल्यांदा इथं पत्र्याचं छप्पर होतं. मागावर काम करणाऱ्या लोकांनी ते टाकलेलं. पुढं दगडी मशीद झाली, आणि मिनार अर्ध्यावर आला तेव्हा माग बंद पडले. वस्तीत हातांना काम नाही, बांधकामाचं घोडं अडलं. आमचे हे, सुपडू मिस्तरी, त्या मिनारावर होते. रात्री घरी येऊन सांगायचे, "दगड शे, चुना शे, पण गडी दुपारलेच बठी जातस. पोटात काही नाही त्यासना."

हे हसीनाबीनं भिंतीपलीकडून ऐकलं. नवी नवरी, तोंडावरचा पदर हलायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन घरोघर फिरली. भाकरीला पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढा, एवढंच तिचं मागणं. ज्या घरात दोनच भाकरी व्हायच्या, तिथूनही मूठ आली. मीही दिली. बाजरीत ज्वारी मिसळली, कोणाची मूठ कुठली हे कोण बघतंय! तिच्या ओट्यावर चूल पेटायची, आम्ही दोघी भाकरी थापायचो, आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर गडी जेवायचे. मिनार पुरा होईपर्यंत एक दुपार चूल विझली नाही. मिनार झाला त्या दिवशी पुरुष हार घेऊन आत गेले, देणगीदारांची नावं दारातल्या संगमरवरावर चढली. आम्ही घराच्या धाब्यावर उभ्या राहून पाहिलं. हसीनाबीच्या हातावर तव्याचे चटके होते, ते तिनं ओढणीत झाकले.

आता कोणी हसत नव्हतं. हसीबसेठ खाली बघत म्हणाले, "खरं आहे. माझी आईसुद्धा मूठ काढायची. पण..."

"पण काय?" मी इमामसाहेबांकडे वळले. यावलकडचा तरुण माणूस, मघापासून चपलांच्या रॅकजवळ उभा राहून ऐकत होता. "साहेब, तुम्ही सांगा. धर्मात मनाई आहे का?"

"मनाई नाही हो मावशी," तो म्हणाला. "इथं सवय नाही, एवढंच."

"ठीक. मग मीही पाहुणीच आहे ना? ती आत नाही, तर पाहुणीही आत नाही. बायांनो, बसा गं!"

आणि पायरीवर मी बसकण मारली. शिल्पा बसली, गल्लीतल्या सगळ्या बसल्या. दार गच्च झालं. नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावर गाडी थांबली आणि आजचे मुख्य पाहुणे, आमचे नगरसेवक, फोटोवाल्यांसकट उतरले. हसीबसेठांची टोपी घामानं भिजली.

शकील आईकडे पाहत होता. हसीनाबी मान खाली घालून भिंतीला टेकली होती, चोरी करताना सापडल्यासारखी. त्यानं छातीवरचा बिल्ला काढला, आईसमोर आला, आणि मशीन दुरुस्त करावी इतक्या जपून तिच्या दुपट्ट्याला लावला.

"चल अम्मी," तो म्हणाला. "मेहमानांना तू दाखव."

हसीबसेठांनी बाजूला होऊन वाट दिली. खरं सांगते, माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी मी पोरीसारखी उठले.

आत गारवा होता. जमिनीवर नमाजच्या पट्ट्या आखलेल्या, वर घुमट. हसीनाबी वर बघतच राहिली.

"देख व द्रौपदा! कितलं मोठं शे!"

"मला काय दाखवतेस? बिल्ला तुला लावलाय. सांग की पाहुण्यांना!"

"माले काय माहीत? मी तर आजच उनू!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. मग खांबांना हात लावत लावत ती पुढं गेली. वजूच्या हौदावर बसून हात, तोंड, पाय धुतले.

हसीबसेठांनी माईक हातात घेऊन इतिहास सुरू केला. छप्पर झालं, दगड झाला, संगमरवरावरची नावं झाली. मग ते थांबले. खाकरले.

"आणि हा मिनार," ते म्हणाले, "मोहल्ल्यातल्या बायकांनी मुठीमुठीनं काढलेल्या पिठावर उभा राहिला. माझी आई मिसबाहबी त्यात होती. सुपडू मिस्तरींच्या घरच्या द्रौपदाबाई होत्या. आणि दारोदार फिरणारी होती हसीनाबी."

भोंग्यावरून ती नावं साऱ्या मोहल्ल्यावर गेली. समोरच्या धाब्यांवर बायका गोळा झाल्या. अहो, आमची नावं रेशन दुकानाशिवाय कोणी मोठ्यानं घेतली होती का कधी! मी हसीनाबीला शोधलं, म्हटलं हिनं ऐकलं की नाही.

तिचं लक्षच नव्हतं. मधोमध, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ती नमाजला उभी राहिली होती.

नगरसेवक हार घेतलेल्या लोकांसह पुढं निघाले. शकीलनं हात आडवा केला.

"थांबा साहेब. कोणी नमाज पढत असलं की त्याच्या समोरून जायचं नसतं."

"किती वेळ लागेल?"

"तिचं होईपर्यंत."

हसीबसेठांनी माईक बंद केला. नगरसेवक थांबले, फोटोवाले थांबले, कमिटी थांबली, आणि मागं आम्ही सगळ्या. हसीनाबीनं कपाळ जमिनीला टेकवलं. तिला काही घाई नव्हती.