उजवीकडचा दिवा

रविवारची सकाळ मिरचीने झोपण्यासाठी राखून ठेवली होती. आठवडाभर लिफ्टच्या विहिरीत उतरायचं, वंगणाने माखायचं, वर अडकलेल्यांची बोलणी खायची. एवढं झाल्यावर माणसाला एका सकाळपुरता तरी हक्क असावा. पण खाली अंगणात स्कूटरचा हॉर्न वाजत होता आणि तो काही केल्या थांबत नव्हता.

ती डोळे चोळत खाली आली. स्कूटरचं पुढचं कव्हर काढून भिंतीला टेकवलेलं, आतल्या तारा आतड्यांसारख्या लोंबणाऱ्या, आणि बाबा ब्रेक दाबून धरून कौतुकाने बघत उभे.

"ब्रेक सोडा आधी!"

बाबांनी ब्रेक सोडला. हॉर्न थांबला.

"बघितलंस? ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. तसं वाईट नाही म्हणा. लोक बाजूला तरी होतील."

मिरचीने कपाळाला हात लावला. हे नाव बाबांनीच तिला लहानपणी ठेवलं होतं आणि अशा वेळी ते सार्थ करणं तिला अजिबात जड जात नसे.

गोष्ट सुरू झाली ती मागच्या आठवड्यात. चौकात एका टेम्पोने बाबांना जवळजवळ आडवं केलं होतं. "त्याला मी दिसलोच नाही," हे बाबांचं म्हणणं. बाबांनी उभा जन्म रुग्णवाहिका चालवली होती. एवढ्या गर्दीतून, एवढ्या घाईत, पण कधी कुणाला साधं घासलंसुद्धा नाही, हे घरात प्रत्येकाला पाठ होतं. म्हणजे चूक त्यांची असूच शकत नव्हती. तेव्हा उपाय एकच : स्कूटरला पुढे दोन जादा दिवे, दिवसासुद्धा जळणारे. ते त्यांनी फुटपाथवरून आणले होते आणि मुलगी उठायच्या आत लावायला घेतले होते.

"मेकॅनिककडे न्यायचं ना, बाबा."

"तो वाट्टेल तिथे वायर कापतो."

"आणि हे तुम्ही काय केलंय?"

"मी जोडल्यात. कापणं वेगळं, जोडणं वेगळं."

ती चहा न घेताच खाली बसली. बाबांनी गुंडाळलेली चिकटपट्टी नखांनी सोलून काढण्यात तिची निम्मी सकाळ गेली. बाबांनी हाताला लागेल ती तार हाताला लागेल त्या तारेला पिळली होती. ते सगळं सोडवून मिरचीने नव्याने मांडणी केली : चावी फिरवली तरच वीज येईल अशी तार शोधायची, मधे फ्यूज घालायचा, रिले बसवायचा.

"रिले कशाला? खोक्यावरच्या चित्रात नाहीये."

"नाहीतर दिवे थेट बॅटरीवर राहतील. तुम्ही बंद करायला विसराल आणि दुसऱ्या दिवशी किका मारत बसाल."

"मी काही विसरत नाही."

"काल चष्मा फ्रीजमध्ये सापडला."

"उन्हातून आलो होतो. गरम झाला होता."

दोरीवर कपडे वाळत घालणारी आई यावर हसली नाही. एरवी बाबांची फजिती झाली की ती पहिली हसायची. मिरचीच्या ते लक्षात आलं, पण तेवढ्यात हातातला स्क्रू निसटून स्कूटरच्या पोटात गेला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टॉर्च मारा. इथे. इथे, बाबा! माझ्या कानात काय शोधताय?"

"मारतोय की. तूच हलतेयस."

टॉर्चचा उजेड तिच्या हाताखेरीज सगळीकडे पडत होता. शेवटी तिने टॉर्च तोंडात धरली आणि स्क्रू स्वतःच काढला. ऊन चढत गेलं. बाबांच्या सूचना चालूच होत्या. तार वरून घे, खालून नको. पकड अशी धरत नाहीत. आमच्या गाडीवरचा फिरता दिवा मी एकदा भर रस्त्यात दुरुस्त केला होता. मिरची दात-ओठ खात काम करत राहिली.

अखेर दोन्ही दिवे जागेवर बसले. तिने चावी फिरवली.

"समोर उभे राहून सांगा. लागले का?"

बाबा समोर गेले. "झकास! दोन्ही."

ती हात पुसत पुढे आली. डावीकडचा दिवा पांढराशुभ्र जळत होता. उजवीकडचा, म्हणजे समोर उभ्या बाबांच्या डाव्या हाताचा, ठार बंद.

"बाबा, एकच लागलाय."

"आत्ता गेला असेल. मघाशी होता."

उजवीकडच्या दिव्याची अर्थिंगची तार रंगावर बसली होती, म्हणून वीज पोचत नव्हती. तिने रंग खरवडला, तार पुन्हा घट्ट केली, चावी फिरवली.

"आता?"

"दोन्ही."

ती पुन्हा पुढे आली. उजवा बंदच.

"बाबा, बघून तर सांगा! सकाळपासून मी इथे उकिडवी बसलेय आणि तुम्हाला दोन पावलांवरचा दिवा बघून धड सांगता येत नाही? एवढं एकच काम दिलं होतं मी तुम्हाला!"

"ओरडू नकोस. मी बघूनच सांगतोय."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. चोरी पकडल्यावर माणूस खाली बघतो, तसंही ते बघत नव्हते. ते खरंच दिव्यांकडे बघत होते. मिरचीचा राग अर्ध्यावरच अडकला. तिने उजव्या दिव्याची जोडणी मुद्दाम उपटली, दिवा काढून हातात घेतला आणि मागे लपवला. तिथे आता नुसतं भोक होतं.

"आणि आता?"

"दोन्ही आहेत. किती वेळा विचारशील?"

दोरीपाशी आईचे हात थांबले.

मिरचीने लांब तार लावून तो दिवा पेटवला. "नंबरप्लेटकडे बघत राहा. मान हलवायची नाही. दिवा दिसला की सांगा." तिने दिवा त्यांच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढे आणला. गालासमोर आला, बाबा गप्प. डोळ्यासमोर आला, गप्प. नाकाच्या शेंड्याशी आला तेव्हा ते दचकून मागे झाले.

"हा कुठून आला?"

उजव्या बाजूने मात्र त्यांना तो लगेच दिसला.

मिरचीने स्कूटरची चावी काढून खिशात टाकली. "टेम्पोला तुम्ही दिसला नाहीत असं नाहीये, बाबा. तुम्हाला टेम्पो दिसला नाही."

बाबा पायरीवर बसले. आई जवळ आली, हातातला ओला टॉवेल पिळत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डावीकडचं चुकतं त्यांचं. कपाला धक्का लागतो, दाराला खांदा आपटतो. म्हणून मी मागे बसले की डावीकडून काही आलं की त्यांच्या खांद्यावर टिचकी मारते. तेवढ्यात ते सावरतात."

मिरची ताडकन उठली. "टिचकी? भर रहदारीत, टिचकीवर चालवताय तुम्ही गाडी? आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी नव्हते ना," आई पुटपुटली. "आणि गाडी सुटली की त्यांच्यात काय उरणार, सांग तू मला."

बाबा उठून घरात गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. डोळ्यांतला दाब वाढला होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि उजव्याचीही नाकाकडची बाजू जायला लागली होती. गेलेलं परत येणार नाही, पण नेमाने थेंब घातले तर उरलेलं टिकेल. गाडी मात्र आता चालवायची नाही.

"या पोरीला काय कळतंय," असं बाबा बाहेर पडताच म्हणाले, आणि नंतर बरेच दिवस म्हणत राहिले. थेंब घालताना डोळे मिटून घेत. चावीवरून रोज कुरकुर. मिरचीच्या नाकी नऊ आले. कामावर अडकलेली लिफ्ट, घरी अडकलेले बाबा. त्यातल्या त्यात लिफ्ट बरी, एकदा दुरुस्त केली की निदान वाद घालत नाही.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर बाबा अंगणात स्कूटरपाशी उभे होते.

"तो दिवा घे," ते म्हणाले. "परत कर तसं."

तिने केलं. या वेळी ते अगदी ताठ उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. दिवा कानापासून निघाला, गालावरून आला. त्यांच्या डोळ्यांत धडपड दिसत होती. दिसला म्हणून सांगायची त्यांना केवढी घाई झाली होती, पण त्यांनी खोटं सांगितलं नाही. नाकाशी आल्यावरच ते म्हणाले, "आता."

मग त्यांनी सीटवर हात ठेवला.

"माझ्या गाडीत मागे माणसं झोपलेली असायची, मिरचे. त्यांना कळायचंही नाही कोण चालवतंय. त्यांच्यातल्या कुणी हा डोळा बघितला असता तर बसलं असतं का माझ्या गाडीत?"

मिरचीने दिव्याची लांब तार सोडवून गुंडाळली.

"तुझ्या आईला गाडी शिकव," ते म्हणाले. "मला नको सांगूस शिकवायला. मी ओरडेन."

आईने आढेवेढे घेतले, दोनदा कुंडीवर गाडी घातली, एकदा रडलीसुद्धा. पण परवान्याच्या परीक्षेत ती पास झाली. त्या दिवशी ती बाबांना थेंब आणायला मागे बसवून घेऊन गेली. दोघं परत आले ते भांडतच. ती म्हणत होती, परत न्यायची नाही यांना, वळणावर कानाशी बोलत बसतात. ते म्हणत होते, हिला गिअरशिवायच्या गाडीलाही गिअर टाकावासा वाटतो.

मिरचीने दोघांना ऐकून घेतलं, पार कंटाळली, आणि चहा टाकायला आत गेली.