मशीनच्या पोटातलं संमतीपत्र

लातूरच्या त्या कार्यालयातलं जुनं झेरॉक्स मशीन भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा त्यातल्या कामाच्या मोटारी आणि रोलर काढून घ्यायला नांदेडहून जहांगीरला बोलावणं गेलं. जहांगीर पंचवीस वर्षांपासून हेच काम करत आला होता. नांदेड, लातूर आणि मधल्या तालुक्यांतल्या कितीतरी कचेऱ्यांची मशीनं त्याच्या हाताखालून गेली होती.

हे मशीन मात्र त्याच्या खास जिव्हाळ्याचं. साधं झेरॉक्स काढून ते थांबत नसे. पाच प्रती सांगितल्या, तर पाचही सेट वेगळे लावायचं, चारी बाजूंनी ठोकून कडा सारख्या करायचं आणि डाव्या कोपऱ्यात पिन मारून एकेक सेट बाहेर द्यायचं. शिवाय बाजूला एक उभी फट होती. हातातले सुटे कागद त्या फटीत धरले, की आतल्या आत ते सारखे होऊन त्यांनाही पिन लागायची. बाबू लोकांनी या फटीचा इतका वापर केला, की टेबलावरचे स्टेपलर गंजून गेले.

जहांगीरनं खालचं झाकण उघडलं. ते कधी उघडावंच लागलेलं नव्हतं. आत धूळ, मोडक्या पिनांचा खच आणि त्यात सात-आठ कागद पडलेले. एक रजेचा अर्ज, एका परिपत्रकाचं शेवटचं पान, असंच काहीबाही. तो ते चोळामोळा करून टाकणार, एवढ्यात रेघांच्या वहीतून फाडलेलं एक पातळ पान त्याच्या हाती लागलं. निळ्या शाईतलं अक्षर शाळकरी पोरासारखं होतं आणि ओळी उजवीकडं खाली घसरत गेल्या होत्या. त्यानं उभ्यानंच वाचलं.

‘मी महामाया, राहणार बिलोली. माझा थोरला मुलगा मडिवाळप्पा आपल्या खात्यात शिपाई होता, तो वारला. त्याच्या जागी माझी सून गुरम्मा हिला नोकरी द्यावी. यास माझी राजीखुशीनं संमती आहे. माझ्या धाकट्या मुलाचं काही म्हणणं ऐकू नये. सून मला शेवटपर्यंत सांभाळील, माझा तिच्यावर भरोसा आहे.’

खाली सही आणि चार वर्षांपूर्वीची मार्चातली तारीख.

जहांगीरनं तो कागद आस्थापनेच्या टेबलावर निवृत्तीरावांपुढं ठेवला. निवृत्तीराव तिथले जुने कारकून. चष्मा वर करून त्यांनी तो वाचला आणि समोरच्या खुर्चीकडं बोट केलं.

“म्हातारी एकटीच आली होती, सून संगं नव्हती. इथंच बसली होती,” ते म्हणाले. “या खुर्चीवर. सगळ्या प्रती काढून, पिना मारून झाल्या होत्या. पोच दिली, आणि मग माझ्या ध्यानात आलं, आईचं संमतीपत्र न्हाई. म्हणलं, आजी, ते लागतंय. तर म्हणाली, कागद द्या, मी लिहिते. चौथी शिकलेली हाय म्हणाली. अर्धा तास लिहीत बसली. मी ते मूळ कागदांवर ठेवलं आणि समद्याला त्या फटीतून पिन मारून घेतली.”

“मग?”

“मग काय. वरिष्ठांकडं गेलं. सव्वा वर्षानं परत आलं, संमतीपत्र जोडलेलं नाही म्हणून. फाईल उघडली तर खरंच नव्हतं. मी तसंच कळवून टाकलं.”

“तुम्हाला आठवलं न्हाई, तिनं तुमच्यासमोर लिहिलं ते?”

“जहांगीरभाई, महिन्याला दीड-दोनशे फायली जातेत माझ्या हाताखालून. आज कागद पाहिला म्हणून आठवून राहिलंय.” त्यांनी कागद हळूच परत सरकवला. “बाई आता वयातबी बसत न्हाई. झालं ते झालं. टाकून द्या. कशाला जुनं उकरायचं?”

जहांगीर परत मशीनपाशी आला. मशीनच्या बाजूला दुरुस्तीचं कार्ड दोऱ्यानं टांगलेलं असतं. प्रत्येक खेपेला काय केलं ते लिहून सही करायची, असा नेम. त्यानं कार्ड मागं मागं पाहत नेलं. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘फटीखालची पत्ती तुटली. तात्पुरतं केलं.’

त्या फटीच्या तळाशी एक पत्र्याची पत्ती असते. कागद तिच्यावर टेकतात. ती तुटली होती, आणि नवीन पत्ती हैदराबादेहून मागवावी लागणार होती. त्यानं टोनरच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून तिथं बसवला, वरून टेप लावली. पुढच्या खेपेला पत्ती आणतो, असं सांगून तो गेला. पुढच्या खेपेला कुणी तक्रार केली नाही, म्हणून त्यानंही विचारलं नाही. जाड कागद त्या पुठ्ठ्यावर नीट टेकत होते. वहीचं पातळ पान तेवढं कडेनं खाली घसरलं आणि उरलेल्यांना पिन लागून गेली.

तो नांदेडला घरी आला, तिथल्या देगलूर नाक्याजवळ त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बायकोनं, बानोनं, विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

“पोस्टानं पाठवून द्या की,” बानो म्हणाली.

“पोस्टानं कागद जाईल. मी काय केलं ते त्यात कुठं लिहिलंय?”

शनिवारी तो बिलोलीला उतरला. विचारत विचारत गेला. गुरम्मा शाळेत खिचडी शिजवायला जाते, असं कळलं. शाळा सुटली होती आणि ती हौदापाशी बसून मोठं पातेलं राखेनं घासत होती. सत्तेचाळीसची असेल, पण केस पार पिकलेले.

“ताई, मी नांदेडचा. झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतो,” जहांगीर म्हणाला, आणि पुढं कसं बोलावं ते न सुचून त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून तिच्यापुढं धरला.

तिनं हात पदराला पुसले. अक्षर तिनं लांबूनच ओळखलं असावं, कारण हात पुढं करता करता ती थांबली. मग घेतला. ओठ हलवत वाचला. पुन्हा वरपासून वाचला.

“कुठं होता हा?”

जहांगीरनं सांगितलं. पत्तीचं सांगितलं, पुठ्ठ्याचं सांगितलं, कार्डावरची स्वतःची सही सांगितली. काही लपवलं नाही. “चूक माझी हाय, ताई. तुमच्या सासूबाईंनी दिला होता.”

गुरम्मा पातेल्याशेजारी तशीच बसून राहिली. नळ चालू होता. तो जहांगीरनं बंद केला.

“मी तिला काय काय बोलले, माहीत हाय?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “घरी आणलेल्या सेटमंदी पानं मोजून दाखवली. म्हणलं, आत्याबाई, कुठंय तुमचा कागद? ती म्हणे, तिथंच लिहून दिला, साहेबाच्या टेबलावर. म्हणलं, दिला असता तर गेला कुठं, मशीननं खाल्ला? धाकट्याला नोकरी लागावी म्हणून तुम्ही दिलाच न्हाई. तीनदा म्हणलं. ती म्हणाली, गुरम्मा, मी दुसऱ्यांदा लिहून देते, पण आधी म्हण की माझ्यावर तुझा विश्वास हाय.”

“मग?”

“मी न्हाई म्हणलं.”

दुसऱ्या दिवशी महामायानं आपलं बोचकं उचललं आणि ती धाकट्या मुलाकडं, मल्लिकार्जुनकडं देगलूरला निघून गेली. गुरम्मानं अडवलं नाही. गेल्या वर्षी पौषात म्हातारी तिकडंच गेली. निरोप आला होता. लिंगायतांच्या रीतीनं तिला तिकडंच पुरलं, पण गुरम्मा मातीला गेली नाही.

हे सांगून ती उठली. पातेलं उपडं घातलं, स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप लावलं.

“चला माझ्यासंगं,” ती म्हणाली.

जहांगीरला वाटलं, कचेरीत न्यायचं असेल, नाहीतर पोलिसात. तो मुकाट्यानं निघाला. गुरम्मानं त्याला आपल्या गल्लीत नेलं आणि शेजारच्या दारात उभं केलं. विमलबाई तूर निवडत बसल्या होत्या.

“विमलबाई, हे काय म्हणतेत ते ऐका,” गुरम्मा म्हणाली, आणि जहांगीरकडं वळली. “मी समद्या गल्लीला सांगितलं होतं, की सासूनं माझा घात केला. आता तुम्ही सांगा.”

जहांगीरनं सांगितलं. विमलबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग पुढच्या घरी सांगितलं. मग पिठाच्या गिरणीपाशी, तिथं चार बाया होत्या. प्रत्येक ठिकाणी गुरम्मा कागद उघडून दाखवायची, आणि जहांगीरचं बोलणं संपलं की म्हणायची, “बघा, तिनं दिला होता.” गिरणीवाला मशीन बंद करून ऐकत होता. तिथली एक म्हातारी म्हणाली, “आमाला ठावं होतं गं, म्हातारी असं करनार न्हाई. तुला कोण सांगनार?” गुरम्मानं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं मोबाईल काढून मल्लिकार्जुनला लावला. दोन-अडीच वर्षांत दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. आवाज मोठा करून तिनं फोन बाजेवर ठेवला आणि जहांगीरला खूण केली. जहांगीरनं त्या दिवशी पाचव्यांदा तेच सगळं सांगितलं.

मल्लिकार्जुन म्हणाला, “मला माहीत होतं, वहिनी.”

“काय माहीत होतं?”

“आईनं लिहून दिलं ते. लातूरहून आली तवाच तिनं मला सांगितलं होतं. माझं नाव घालून लिहिलं, की याचं ऐकू नका. मी बेकार बसून होतो तवा. मला लई राग आला. ती इकडं राहायला आली तवा ठेवून घेतलं मी. जेवायला दिलं. पण बोललो न्हाई तिच्याशी. शेवटपर्यंत न्हाई.”

“आन मला का न्हाई सांगितलं तू? तू सांगितलं असतं तर मी तिला जाऊ दिलं असतं का...”

“तुमची नोकरी गेली ते मला बरं वाटलं होतं, वहिनी.”

फोन कुणी बंद केला ते जहांगीरच्या लक्षात आलं नाही. गुरम्मा बाजेच्या कडेला बसली. “म्हणजे तिकडंबी कुणी बोलत नव्हतं तिच्याशी,” ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. मग तोंडात पदर घालून ती रडली, आणि जहांगीर दारापाशी खाली मान घालून उभा राहिला. त्याला वाटलं, तिनं आपल्याला चार शिव्या द्याव्यात. तिनं दिल्या नाहीत.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “ताई, मी लिहून देतो. माझ्या सहीनं. चूक माझी होती असं. कार्डाची प्रत जोडतो. पुन्हा अर्ज करा.”

“सत्तेचाळीसाव्या वर्षी कोण घेतंय, भाऊ?”

“तरी पण.”

“द्या लिहून. तुमच्या जिवाला बरं वाटंल.” तिनं महामायाचा कागद घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवला. “हा मात्र मी कुठं जोडणार न्हाई.”

तिनं तोंड धुतलं, दुसरं लुगडं नेसली आणि दाराला कडी घातली. स्टँडवर दोघं बरोबरच आले. देगलूरची गाडी आधी लागली.

“आत्याबाईला कुठं पुरलंय, तेबी मला माहीत न्हाई,” गुरम्मा म्हणाली. “मल्लूला विचारावं लागंल.”

ती पुढच्या दारानं चढली आणि ड्रायव्हरमागच्या बाकावर बसली. गाडी हलली, तेव्हा जहांगीरनं नकळत हात वर केला. तिनं इकडं पाहिलं नाही. नांदेडच्या गाडीला अजून पाऊण तास होता. तो फलाटाच्या कट्ट्यावर बसला, पिशवीतून वही काढली आणि कार्यालयाला द्यायचा जबाब लिहू लागला. ‘मी जहांगीर, राहणार नांदेड,’ एवढं लिहून झाल्यावर त्यानं पुढच्या ओळीत पुठ्ठ्याचं लिहायला घेतलं.