समोरचा संघ

बारावीचे निकाल लागले की कमळबाईंच्या पायाला भिंगरी लागायची. भिवंडीतल्या एका कॉलेजात मुलींचा कबड्डी संघ त्यांनी उभा केला होता. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी कॉलेजने त्यांना सोडलं नाही की त्यांनी कॉलेजला, हे सांगणं कठीण. संघाला दरवर्षी नव्या मुली लागत आणि त्या मिळत गावांमधून, कशेळी, खारबाव, दापोड्यातून. तिथे पोर चालायला लागलं की आधी अंगणात पायाने रेघ ओढतं आणि ती ओलांडून बघतं.

या पट्ट्यात मुलगी संघात घ्यायची तर कॉलेजात प्रवेश देऊन भागत नसे. बाईंनी स्वतः घरी जायचं, घरच्यांच्या हातात नारळ द्यायचा आणि मुलगी मागायची. तो नारळ देवापुढे गेला की शब्द मिळाला. मग दुसऱ्या कॉलेजने कितीही गोड बोलून पाहावं, नारळ हलत नसे.

दुसरं कॉलेज म्हणजे साजिदा. शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, वडिलांचे कापडाचे लूम. तरुणपणी दोघी जिल्ह्याच्या संघात एकत्र खेळल्या होत्या. कमळ चढाईला जायची, साजिदा डाव्या कोपऱ्यात. पुढे दोघींना दोन कॉलेजांत नोकऱ्या लागल्या आणि त्यांचं बोलणं उरलं ते दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर. कारण मुलगी कुठलीही असो, कमळबाई पोचायच्या तेव्हा साजिदाच्या चपला बाहेर असायच्या, नाहीतर कमळबाई चहा पीत असताना साजिदा डोक्यावरची ओढणी सारखी करत, हातात नारळ घेऊन दारात उभी राहायची. नारळवाल्याला दोघींनी स्वतंत्रपणे बजावून ठेवलं होतं, की दुसरी कुठल्या गावाला निघाली ते कळव. तो दोघींनाही कळवायचा.

एकदा कशेळीला नात मागायला आलेल्या दोघींना पुतळाबाईंनी एकाच चटईवर बसवलं, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं आणि म्हणाल्या, तुमचं काय ते ठरवा, मी खाडीवर जाऊन येते. दोघी जेवल्या. भांडल्या. पुतळाबाई परत आल्या तोवर नातीने स्वतःच ठरवलं होतं, की तिला नर्स व्हायचंय. परतीच्या बसमध्ये दोघी हसत सुटल्या आणि स्टँडवर उतरल्यावर पुन्हा अनोळखी झाल्या.

हे सगळं आठवणारी माणसं आता उरली नव्हती. भावाच्या मुलाला, प्रितेशला, सांगायला जावं तर तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणायचा, हो आत्या, भारी होते ते दिवस.

साजिदाच्या संघाला उतरती कळा लागली ती तिच्या कॉलेजने मैदान गाड्या लावायला दिलं तेव्हापासून. मुली गच्चीवर सराव करू लागल्या. सिमेंटवर पडून पडून कोपरं फुटायची. संघ पहिल्या फेरीत हरू लागला, आणि गेल्या वर्षी तर सातजणीही उभ्या राहिल्या नाहीत म्हणून न खेळताच बाद झाला. गावांना अशा गोष्टी कळायला वेळ लागत नाही. यंदा कमळबाईंना कुठे जावंच लागलं नाही. आयाच मुलींना घेऊन मैदानावर येत होत्या. काही तर साजिदाचं कॉलेज सोडून आलेल्या. प्राचार्य खूश होते. बाकावर बसायला जागा पुरत नव्हती.

तरीही कमळबाईंनी नारळ घेतला आणि दापोड्याला गेल्या. तिथे केसरीनाथांची क्षितिजा होती, तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी पाहिली नव्हती. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये साजिदानेच तिला घडवलं होतं. गोडाऊनांच्या भिंतींमधून वाट काढत त्या घरी पोचल्या आणि आधी त्यांनी दाराबाहेरच्या चपला पाहिल्या. घरच्याच होत्या.

केसरीनाथांनी नारळ घेतला आणि लगेच देवापुढे ठेवला. कमळबाईंना वाईट वाटलं. एवढ्या लवकर द्यायचा नसतो शब्द, थोडं ताणायचं असतं. त्यांनी चहा सावकाश प्यायला. दुसरा कप मागितला. कान रस्त्याकडे होते.

"कोनाची वाट बघताव, मॅडम?" केसरीनाथ हसले. "त्या यायच्या न्हाईत. त्यांच्याकडं सातजनी पन भरत न्हाईत आता."

त्यांच्या बायकोने, विनिताने, त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि हळूच सांगितलं, की साजिदा मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, कमळ येईल, तिलाच द्या पोरगी. आणि डाव्या गुडघ्याला जपायला सांगा, ते ती सांगणार नाही, लपवते.

क्षितिजा दारामागून ऐकत होती. तिने गुडघा मागे घेतला.

त्याच दुपारी कमळबाई साजिदाच्या घरी गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खालच्या मजल्यावर लूम खडखडत होते, म्हणून वर दोघींना मोठ्याने बोलावं लागलं. साजिदाचे केस पांढरे झाले होते आणि ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठली. कमळबाईंनी वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. क्षितिजाला तूच घे. तिच्याबरोबर माझ्या बाकावरच्या चारपाच चांगल्या मुली पाठवते. संघ उभा कर, उतर मैदानात, मग बघू.

साजिदाने शिरखुर्म्याची वाटी पुढे सरकवली. ईद होऊन गेली होती, तरी मुलगा ओसामा हट्टाने करायला लावतो, म्हणाली.

"आणि त्या पोरींच्या घरी काय सांगशील? मला मजा यावी म्हणून तुमच्या मुली हरायला पाठवते?"

क्षितिजाला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून जायचं तर नावावर पदक लागतं, आणि गच्चीवरच्या संघाला पदक मिळत नाही, हे दोघींना कळत होतं.

"नाव पाठवलंच नाही यंदा," साजिदा म्हणाली. "संघ बंद केला. मीच लिहून दिलं. दुसऱ्या कुणी बंद केलेला मला चालला नसता."

"मग माझ्याकडे ये. कोपऱ्यातल्या पोरींना तू शिकव. तुझ्यासारखा घोटा धरायला मला कधी शिकवता आलंय?"

साजिदा हसली. खूप वेळ हसली, आणि मग ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

"तुझ्या शेजारी बसून मी ओरडू कुणावर, कमळ?"

दोघींनी शिरखुर्मा संपवला. लूम चालू होते, म्हणून गप्प बसणं जड गेलं नाही. निघताना साजिदा जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, त्या पोरीला गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय सोडू नकोस.

कमळबाईंनी बांधला. क्षितिजाने सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. पावसाळा संपल्यावर विभागाच्या स्पर्धा लागल्या. साजिदाच्या मुली कशा उभ्या राहतील, याचा विचार करून चाली आखायची कमळबाईंना इतकी सवय होती, की पहिल्या सामन्याआधी त्या मुलींना डाव्या कोपऱ्यापासून सावध राहायला सांगून बसल्या. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. समोर कल्याणकडचा संघ होता आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यातली मुलगी नुकतीच खेळायला शिकली होती.

अंतिम सामनाही सहज जिंकला. क्षितिजाला आवरणं समोरच्यांना जमलंच नाही. शेवटची शिट्टी झाली, तशा मुली मैदानात धावल्या, कुणी लेझीमच्या तालावर नाचायला लागलं. कमळबाई आपल्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. सवयीने त्या समोरच्या बाकाकडे बघत होत्या.

साजिदा हरली की हात मिळवायची नाही. मधली रेघ ओलांडून यायची, कमरेवर हात ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, पंच तुझ्या माहेरचे होते. कमळबाईंचं लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे सगळं गावच त्यांचं माहेर, हा तिचा हिशोब. मग दोघी मनसोक्त भांडायच्या आणि मंडपवाला खुर्च्या उचलायला आला की थांबायच्या.

समोरून टोपी घातलेला तरुण प्रशिक्षक आला, भावेश नावाचा. वाकून त्याने त्यांच्या पायांना हात लावला. म्हणाला, तुमच्यासमोर खेळायला मिळालं, हेच खूप.

"पंच माझ्या माहेरचे होते," कमळबाई म्हणाल्या.

तो गोंधळला. मग अतिशय आदराने म्हणाला, "नाही मॅडम, पंचांनी सगळं बरोबर दिलं. तुमच्या मुली चांगल्या खेळल्या."

कमळबाईंनी मान हलवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुली फोटोसाठी हाका मारत होत्या. साजिदाला फोन करावा असं एकदा मनात आलं, पण ती तर हरली नव्हती, तिला जिंकल्याचं कसं सांगायचं, ते त्यांना सुचेना. त्या उठल्या, मुलींच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, आणि फोटो काढणाऱ्याने इकडे बघा म्हटलं तेव्हा तिकडे, समोरच्या बाकाकडे बघितलं.